डोमाजी मिस्त्रीनं टाकलेलं तेल

आठ वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. मंदासमोरही नाही — आणि मंदा माझी बायको आहे, तिच्यापासून मी रक्तातल्या साखरेचा आकडासुद्धा लपवत नाही. तिच्या भावांसमोर नाही, मुलीसमोर नाही. आज सांगतो आहे ते तुम्हाला, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्याबद्दल चांगलं मत करून बसलेले नाही.

आधीच एक सांगतो. मी रडणार नाही. वय कोवळं होतं असं म्हणणार नाही — सेहेचाळीस वर्षांचा होतो. घाबरलो होतो असंही म्हणणार नाही, कारण घाबरलो नव्हतो. तुम्हाला हळहळणारा माणूस हवा असेल, तर हे पान इथेच उलटा.

मी वजनकाटे तपासतो. रामदासपेठेत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. तिथे दवाखान्यांचे, सोनारांचे, किराणावाल्यांचे काटे येतात आणि मी ते प्रमाणित वजनांशी जुळवून देतो. तीस वर्षं हेच काम. एखादा काटा दोन ग्रॅम खोटं बोलत असेल तर मला तो सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही. खिशात डायरी असते. मोजलेलं तेवढंच तिच्यात लिहायचं, अंदाज लिहायचा नाही, हा माझा नियम आहे. होता, म्हणा. एका दिवसापुरता तो मी मोडला आणि त्याच दिवसाबद्दल हे सगळं आहे.

मंदाचं माहेर कुहीजवळच्या एका गावात. धानाची शेती, घरचा जुना ट्रॅक्टर — माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्या गावात मी जवाईबापू. फक्त सासऱ्यांचा नाही, अख्ख्या गावाचा. आमच्याकडे हे अजून पाळतात. जावयानं हाताला काळं लावायचं नाही, आणि जावई बोलला की त्याचं खोडायचं नाही. चहात साखर जास्त आहे म्हणालो तर दुसरा चहा येतो. आज पाऊस येणार नाही म्हणालो तर कोणी आभाळाकडे बोट दाखवत नाही. पहिली काही वर्षं मला याचं हसू यायचं. मग सवय झाली. सवय झाली हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी दसऱ्याला गेलो तेव्हा ट्रॅक्टरचं इंजिन झुलत होतं. म्हणजे कसं — उभ्या जागी चालू ठेवलं की आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, जसं कोणी पाळण्याला झोके देतंय. थ्रेशर जोडला की दम टाकायचं. गव्हर्नर बिघडल्याचं लक्षण. गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग: भार वाढला तर जास्त डिझेल सोडायचं, भार कमी झाला तर आवरायचं. या जुन्या ट्रॅक्टरमध्ये ते काम चामड्याचा एक गोल पडदा करतो. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं पडदा मागे खेचला जातो आणि डिझेल कमी होतं. ओढ कमी झाली की मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि डिझेल वाढतं. तळहाताएवढा चामड्याचा तुकडा, आणि सगळं इंजिन त्याच्या ताब्यात. पडदा पूर्ण फाटला तर आवरणारं कोणी उरत नाही — इंजिन सुसाट सुटतं.

गावचा मिस्त्री डोमाजी तेव्हा गावात नव्हता. उमरेडला मुलीकडे गेला होता, तिचं बाळंतपण होतं, दीड महिना तरी येणार नव्हता. म्हणून मी हात घातला. सासूबाई ओसरीवरून दोनदा म्हणाल्या, राहू द्या जी, हात खराब होतील. मी ऐकलं नाही.

आणि मी ते काम नीट केलं. हे मी ठासून सांगतो. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली — झुलणं तसंच. एअर फिल्टर धुतला — तसंच. व्हॅक्यूमच्या नळीचे दोन्ही जोड ग्रीस लावून बघितले, कुठून हवा ओढत असेल तर फरक पडला असता, पडला नाही. मग पडद्याची परीक्षा. डिझेलच्या पंपावरचा, इंजिन बंद करायचा लिव्हर दाबायचा, नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट धरायचा आणि लिव्हर सोडायचा. पडदा शाबूत असेल तर आत हवा शिरत नाही, लिव्हर जागच्या जागी अडकून राहतो. फाटका असेल तर परत येतो. मी घड्याळ लावलं. चार सेकंद. तीनदा केलं, तीनदा चार. उघडून पाहिलं तर चामडं सुकून कडक झालेलं, कडेला केसासारख्या भेगा.

निदान बरोबर होतं. एक-एक शक्यता खोडत तिथपर्यंत गेलो होतो. शिकलेल्या मिस्त्रीनंही याहून वेगळं काही केलं नसतं.

नागपुरात आल्यावर नवा पडदा शोधला. दुकानदार म्हणाला, इतक्या जुन्या पंपाचा माल मागवावा लागतो, तीन-चार आठवडे धरा. मी मागणी नोंदवली. पण तीन-चार आठवडे — आणि त्यानंतर लगेच धान चुरायला, म्हणजे मळणीला येणार होतं. तेव्हा माझ्या डोक्यात कापड आलं.

माझे वडील उमरेडला हातमागावर विणायचे. शेवटपर्यंत विणत राहिले, आजूबाजूचे माग भंगारात गेले तरी. त्यांनी विणलेलं पांढरं सुती कापड माझ्याकडे होतं, इंचाला ऐंशी धागे. मी भिंगाखाली मोजलेले आहेत. इतकं घट्ट विणलेलं कापड, त्याला वरून रबराचा लेप दिला तर हवा कुठून जाणार? पुढच्या रविवारी गावाला गेलो आणि माझा साळा नरेश याला ही कल्पना सांगितली. अंगणात पाच-सहा माणसं होती.

नरेश हसला. "काहून भाऊजी, आता कपड्यानं इंजिन चालवता काय? मंग पुढच्या साली ट्रॅक्टरले लुगडं नेसवू."

सगळे हसले. हसण्यासारखं होतंही. नरेशच्या घराण्यातही दोन पिढ्यांपूर्वी मागच होते, पण त्यांनी जमीन घेतली, माग मोडले, आणि आता त्या घरात विणकाम हा चेष्टेचा विषय होता. मीही हसलो. त्याच दुपारी नागपूरची बस पकडली. सबंध रस्ता एकच गोष्ट मनात — माझ्या बापाच्या कापडाला तुम्ही हसलात.

बघा, हे कारण आहे. सबब नाही. दोन्हींतला फरक मला कळतो.

आठवडाभर रोज संध्याकाळी मी तो पडदा बनवत होतो. कापड ताणून चौकटीवर बसवलं, सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन पातळ करून दोन्ही बाजूंनी तीन-तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला. कंपासनं वर्तुळ आखलं. जाडी सहा ठिकाणी मोजली, सगळीकडे सारखी. डायरीत सगळं लिहिलं. आणि त्याच पानावर, खाली, रेघ मारून एक ओळ लिहिली: "तेल लागू देऊ नये." कारण पंक्चरचं सोल्यूशन म्हणजे कच्चं रबर, आणि कच्च्या रबराला तेल लागलं की ते फुगतं, चिकट होतं, विरघळतं. मला हे माहीत होतं. माझ्याच अक्षरात आहे.

पुढच्या रविवारी घरची सगळी मंडळी शेतात असताना पडदा बसवला. अंगठा धरला, लिव्हर सोडला, घड्याळ बघितलं. एकतीस सेकंद. मग अंगठा दुखायला लागला म्हणून मीच सोडला. इंजिन चालू केलं — एका सुरात. मित्राकडून फेरे मोजायचं यंत्र आणलं होतं. पंधरा मिनिटांत आकडा इकडचा तिकडे हलला नाही. त्या एकतीस सेकंदांचा मला आजही अभिमान आहे. तुम्हाला हे विचित्र वाटेल, वाटू द्या. जे बरोबर होतं ते मी चुकीचं म्हणणार नाही, फक्त तुमच्या नजरेत नम्र दिसावं म्हणून.

संध्याकाळी नरेश आला, आवाज ऐकला, खूष झाला. म्हणाला, भेटला वाटते पडदा. आणि मी म्हणालो — हो. कंपनीचा. चामड्याचा.

तीन शब्द. तेव्हा वाटलं, किती छोटं आहे हे. कापडाचं सांगितलं असतं तर ते इंजिनाकडे न बघता पुन्हा लुगड्याकडे गेले असते. मनात ठरवलं होतं की हंगाम संपला, सगळं धान चुरून झालं, की अंगणात सगळ्यांसमोर तो उघडायचा आणि दाखवायचा: हे बघा, लुगडं. कल्पनेत मी ते किती वेळा केलं ते सांगत नाही.

मध्येच दुकानदाराचा फोन आला, माल आला आहे. मी जाऊन आणला. खरा पडदा, चामड्याचा, कागदात गुंडाळलेला. तो नेऊन बसवला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं आणि माझं खोटं आपोआप खरं झालं असतं. मी तो वर्कशॉपमधल्या कपाटात ठेवून दिला. का? कारण माझा एकतीस सेकंद धरत होता.

आता डोमाजी. साठीच्या अलीकडचा, उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. पंचक्रोशीत जुन्या ट्रॅक्टरचा पंप बिघडला की त्यालाच बोलवायचे. तो कानानं काम करायचा. इंजिनाला मोठा पाना टेकवायचा, पान्याचं दुसरं टोक कानाच्या मागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा. मला ते पटत नसे, पण मी दोनदा माझ्या यंत्रानं त्याचं मोजलं होतं आणि दोन्ही वेळा तो बरोबर निघाला होता. दरवर्षी चुरणीच्या आधी घरोघर जाऊन तो गव्हर्नरला तेल द्यायचा. वरचा छोटा स्क्रू काढून पडद्यावर थेंब सोडायचे, चामडं मऊ राहतं. त्याला कोणी सांगावं लागत नसे. कार्तिक संपला की डोमाजी तेलाची बुधली घेऊन दारात.

त्या वर्षीही आला. मी तिथेच होतो. इंजिन चालू करायला सांगितलं, पाना कानाला लावला, बराच वेळ ऐकत राहिला. मग माझ्याकडे बघून मान हलवली, छान बसवलं म्हणाला. माझ्यासारख्या माणसाला ते केवढं वाटलं असेल! त्यानं स्क्रू काढला आणि बुधली उचलताना थांबला.

"बापू, पडदा चामड्याचाच होय न जी?"

हाच तो क्षण. बाकी सगळं इकडे-तिकडे आहे, मधे हा आहे. नरेश बाजूला उभा. सासरे खाटेवर. डोमाजीनं विचारलं ते काही संशयानं नाही. हल्ली रबराचेही येतात, म्हणून नीट काम करणारा माणूस जसा विचारेल तसं विचारलं. मी "जरा बाजूला ये" म्हणू शकत होतो. "यंदा तेल नको" एवढं तरी म्हणू शकत होतो — मी जावई, कोणी का म्हणून विचारलं नसतं! एवढंही केलं नाही.

"चामड्याचाच," मी म्हणालो.

"मंग पाहिजेच त्याले तेल. सुकलं का तडकते."

त्यानं तेल सोडलं. मी बघत उभा राहिलो आणि मनात गणित केलं: एवढंसं तेल, एवढं क्षेत्रफळ, सहा थर — महिना तर नक्की निघेल. महिनाभरात चुरणी संपते. असं गणित मी कोणाच्या काट्यावर केलं असतं तर मालकानं मला हाकलून दिलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

महिना निघाला नाही. चुरणीचा चौथा दिवस होता, दुपारची वेळ. मी रजा काढून मुद्दाम गेलो होतो — पडद्यावर लक्ष ठेवायला, खरं तर. खळ्यावर धानाचे भारे रचलेले, नरेश थ्रेशरच्या तोंडाशी, चार बाया भारे देत होत्या. डोमाजी शेजारच्या खळ्यावर कोणाचं तरी इंजिन बघत होता. आवाज आधी किंचित जाड झाला. मग एकदम चढला, आणि उतरलाच नाही. चढतच गेला. थ्रेशर जमिनीवरून उड्या मारायला लागला, आतून दाते तुटून पत्र्यावर आपटत होते, इंजिनातून काळा धूर. बंद करायची तार दोन वर्षांपासून तुटलेली. पंपाजवळ जाऊन हातानं लिव्हर दाबायचा हाच मार्ग. बाया पळाल्या. नरेश मागे सरकला. मी — मी होतो तिथेच राहिलो.

डोमाजी शेजारच्या खळ्यावरून धावत आला, सरळ त्या इंजिनात हात घालून लिव्हर दाबून धरला. थांबेपर्यंत धरून उभा राहिला.

कोणाला लागलं नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. लागलं नाही, एवढंच.

थोडं थंड झाल्यावर डोमाजी पंप उघडायला वाकला. मी म्हणालो, मी उघडतो. लोकांना नवल वाटलं, जावई तेलात हात घालतो म्हणून. मी सगळ्यांकडे पाठ करून बसलो. आत माझा पडदा होता — चिकट, गुळाच्या पाकासारखा ओघळलेला, मधोमध कापड उघडं पडून फाटलेलं. तो मी रुमालात घेतला, रुमाल खिशात घातला, हात पुसून उठलो आणि म्हणालो: तेलानं फुगून फाटला.

शब्दन् शब्द खरं वाक्य. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

डोमाजी पुढे आला. "पाचच टाकले जी. पहिलेपासून पाचच टाकतो."

"कायचे पाच गा?" नरेश भडकलाच होता, थ्रेशरचं काय झालं ते त्याला दिसत होतं. "हात पाहा आपला, कसा थरथरून राहिला. दहा-बारा पडले असन."

हात थरथरत होता, हे खरं. आत्ताच त्यानं त्या हातानं सुटलेलं इंजिन दाबून धरलं होतं! हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. मी बोललो नाही. डोमाजी स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याचा असावा तसा. मग माझ्याकडे वळला.

"बापू, तुम्ही आकड्याचे मानूस. तुम्हीच सांगा. माह्या हातून जास्त पडलं काय?"

इथे गप्प बसलो असतो, तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. मी गप्प बसलो नाही. डायरी काढली. उभ्याउभ्या मांडलं — पडद्याचं क्षेत्रफळ, एका थेंबाचं आकारमान, चामडं किती शोषतं त्याचा एक आकडा, जो मी त्याच क्षणी मनातून काढला. वर लिहिलं: थेंब, दहा. उत्तर आलं की एवढ्या चामड्याला दोन थेंब पुरे, दहानं ते फुगून फाटणारच. पेन्सिलीनं उत्तराखाली रेघ मारली आणि डायरी त्याच्यापुढे धरली. त्याला त्यातलं काही कळलं नसणार. पण रेघ कळली.

"जास्त पडलं असणार, डोमाजी," मी म्हणालो. "दोनच्या वर नको."

त्यानं मान हलवली. वाद घातला नाही. जवाईबापूचं कोण खोडणार? आणि त्यात आकडा समोर लिहिलेला.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरहून कपाटातला खरा पडदा नेऊन बसवला. दुसरा आणला म्हणालो. सगळ्यांनी माझी धावपळ वाखाणली.

मग पुढे काय झालं ते मोजून सांगतो. नरेशनं पुढच्या हंगामापासून कुहीचा मिस्त्री बोलावला. त्याचं बघून आणखी तीन घरांनी. बाकीच्यांकडे डोमाजी गेला, पण दोन थेंब टाकायला लागला, कारण जवाईबापूनं हिशेब करून सांगितलं होतं. दोन थेंब चामड्याला पुरत नाहीत. दोन उन्हाळ्यांत दोघांच्या ट्रॅक्टरचे पडदे सुकून तडकले, इंजिनं झुलायला लागली. लोक म्हणाले, डोमाजीचा हात गेला. डोमाजीही तेच म्हणाला. तिसऱ्या वर्षी त्यानं बुधली काढलीच नाही. आता तो हातपंप दुरुस्त करतो, विहिरीवरच्या मोटारी बांधतो. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर मान वर करत नाही, असं नरेशनंच मला सांगितलं, हसत.

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. मांडवातून बाहेर आलो तर समोर डोमाजी. मला हाताला धरून घरी घेऊन गेला. खुर्ची पुसली, सुनेला चहा टाकायला सांगितला. अंगणात त्याचे दोन व्याही बसले होते, त्यांना माझी ओळख करून दिली — हे नागपूरचे जवाईबापू, मोठे हिशेबी. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला,

"त्या दिवशी तुम्ही सांगतलं नसतं न बापू, तं मी मरेपर्यंत चुकीचंच करत राहिलो असतो. लोकायचं नुसकान होत राहिलं असतं, मले पत्ताही नसता लागला."

आभार मानत होता. टोमणा असता तर मी त्याच क्षणी सगळं ओकून टाकलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. पण तेही मोजलेलं नाही, म्हणून ते लिहीत नाही. चहा आला. मी चहा प्यायलो, बशीसुद्धा रिकामी केली, आणि साखरपुड्याला परत गेलो.

आता तुम्ही म्हणाल, मग अजून जाऊन का सांगत नाही? हे छापून आलं की नरेश वाचेल. मंदा वाचेल. नरेश त्याच्या सवयीप्रमाणे चौकात मोठ्यानं वाचून दाखवेल, आणि गावातल्या कोणत्याही जवाईबापूच्या शब्दाला पुन्हा तेवढा मान राहणार नाही. राहू नये. माझी हरकत नाही. मला माफी द्या असं मी डोमाजीला म्हणणार नाही. माफी द्यायची म्हणजे त्यानं माझ्यासाठी आणखी एक काम करायचं. तुम्हालाही काही मागत नाही. समजून घ्या असं तर अजिबात नाही.

एकच आकडा दुरुस्त करायचा आहे. माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर थेंब दहा लिहिलेत. नरेश म्हणतो दहा-बारा. आता डोमाजीलाही तसंच वाटतं. पण तेल सोडलं तेव्हा मी त्याच्यापासून दीड हातावर उभा होतो. मला समोरचं मोजायची सवय आहे, मनात नसलं तरी मोजलं जातं. त्याचा हात थरथरत नव्हता. पाच थेंब पडले. सहावा बुधलीच्या टोकाला लोंबत होता — तो त्यानं बोटानं टिपून घेतला, पडू दिला नाही.